रोज सव्वीस हजर

इस्पितळात तिला सगळे उकळबाई म्हणत. म्हणजे समोर नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की पूर्ण पदवी लावत. तिला हे ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. नाव पडायचंच असेल तर ते कामावरून पडलेलं बरं. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ते नाकावरून पडलं होतं.

तिचं काम तळघरात चालायचं. वर ऑपरेशनं व्हायची आणि त्यांची हत्यारं खाली तिच्याकडे यायची. चिमटे, कात्र्या, सुई धरायच्या पकडी. ती ते सगळं घासायची, दिव्याच्या भिंगाखाली एकेक सांधा तपासायची, वाळवून कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या पेटीत लोटायची. तेवीस वर्षांत तिने एकाही पेशंटचं तोंड पाहिलं नव्हतं, पण निम्म्या शहराच्या पोटात जाऊन आलेल्या कात्र्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. सिंकच्या वर एक पाटी होती: 'शंका आली की पुन्हा धुवा.' अक्षरं निम्मी उडाली होती. तिला ती वाचावी लागत नसे. पाटी हाडात गेली होती.

साहजिकच घरीही तेच. घरातले चमचे दिवसातून तीनदा उकळत्या पाण्याचं दर्शन घ्यायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "मी घरात फार वेळ एका जागी बसत नाही. न जाणो, मलाही उचलून भांड्यात टाकेल." त्याच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट मात्र चार महिने बंद होती, कारण ती दुसऱ्या कंपनीची होती आणि दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्या तत्त्वापायी उकळबाई रोज तीन मजले चढून घरी पोचायची, आणि दार उघडेपर्यंत तिच्या गुडघ्यांनी तत्त्वाबद्दलचं आपलं मत दोनदा सांगून झालेलं असायचं.

आत खिडकीशी खुर्चीत मामंजी बसलेले असायचे, आणि मामंजींच्या समोर ती टाकी.

मामंजी, म्हणजे तिचे सासरे, मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. तीस वर्षं त्यांनी सकाळ-संध्याकाळ हजेरी घेतली. निवृत्त झाले तेव्हा मुलांनी त्यांना दोन फुटांची काचेची टाकी दिली, तिच्यात शेवाळ, दगड आणि नखाएवढ्या दहा लाल कोळंब्या. देणाऱ्या मुलांचा त्यात खोडसाळपणा होता. "सर, तुम्हाला करमणार नाही. ह्यांची हजेरी घेत जा." सरांनी खोडसाळपणा मनावर घेतला. सहा वर्षं रोज संध्याकाळी चष्मा पुसून ते टाकीसमोर बसत आणि मोजत. दहाच्या वीस झाल्या, मधेच बारा झाल्या, पुन्हा वाढल्या. ही सगळी मूळ दहांचीच वंशावळ होती. बाहेरची एकही घेतलेली नव्हती. "आपल्याकडे मधल्या वर्गात प्रवेश देत नाहीत," मामंजी म्हणायचे.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. टाकी म्हणजे दुधात सांडलेला लाल रंग दिसायला लागला. टाकी सुनेकडे आली.

"मामंजी, ही शेवटची धुतली कधी?"

"धुतली? कोणी?"

"तुम्ही."

"मी कशाला धुवू? पाणी आटलं की तांब्याभर ओततो."

"सहा वर्षं?"

"अगं, त्यांची तक्रार नव्हती."

तिने काचेवरून बोट फिरवलं. हिरवा बुळबुळीत थर बोटाला लागला. तिच्या अंगावर काटा आला. तळघरात असा थर कुठे दिसला असता तर चौकशी समिती बसली असती.

तरी ती दहा दिवस दम धरून होती. अकराव्या दिवशी तिने कामावरचं जुनं भिंग घरी आणलं आणि टाकीला डोळा लावला. एका कोळंबीच्या नाकाच्या टोकावर पांढरे बारीक दोरे होते, आणि ते हलत होते. ती तशीच चप्पल घालून मासेवाल्याकडे गेली.

मासेवाल्याचं दुकान टायरच्या दुकानाला चिकटून होतं. त्याला बारा महिने सर्दी असायची आणि तो गिऱ्हाइकाकडे न बघता टाक्यांकडे बघून बोलायचा. त्याने ऐकून घेतलं. "बारीक किडे असतात ते, ताई. डोक्यावर बसतात. वाटीभर टाकीचंच पाणी, त्यात चमचाभर साधं मीठ. कोळंबी जाळीत धरून अर्धं मिनिट बुडवायची आणि परत सोडायची."

मागच्या फळीवर माशांच्या औषधाची निळी बाटली होती. तिने तिकडे बोट केलं. "आणि ते? टाकीत टाकू का खबरदारी म्हणून?"

मासेवाल्याने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "त्यात तांबं आहे. माशांना चालतं. कोळंबीच्या टाकीत टाकलंत तर संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी."

मिठाचा उपाय लागू पडला. अर्धं मिनिट, घड्याळ लावून. दोरे गळून पडले आणि कोळंबी शेवाळावर जाऊन पाय चाळवत बसली, जणू काही झालंच नाही. उकळबाईला तेवीस वर्षांत प्रथमच आपला पेशंट बरा होताना दिसला होता. तिला काय वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती तीन मजले न थांबता चढली.

आणि तिथेच घोटाळा झाला. किडे आले म्हणजे टाकीत घाण होती. घाण होती म्हणजे शंका होती. आणि शंका आली की काय करायचं हे तर ठरलेलंच होतं.

सुट्टीच्या दिवशी तिने सगळ्या कोळंब्या जाळीने बादलीत काढल्या. मोजून. सव्वीस. दगड वीस मिनिटं उकळले. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा जो काळपट स्पंज होता, तो गरम पाण्यात पिळून पिळून पुन्हा पिवळा केला. शेवाळ नळाखाली धरलं. काच चारी बाजूंनी घासली. नवीन पाणी भरलं. साबण मात्र लावला नाही. तेवढी ती शहाणी होती. संध्याकाळी टाकी अशी दिसत होती की तिच्यात माणसावर ऑपरेशन करता आलं असतं.

"किती?" मामंजींनी विचारलं.

"सव्वीस. बादलीत मोजल्या."

"सव्वीस!" मामंजी खूश झाले. "एवढी अचूक हजेरी मला सहा वर्षांत जमली नाही."

चौथ्या दिवशी एक मेली. मानेच्या मागे, पाठीवर, गोल पांढरं कडं होतं, दोरा बांधल्यासारखं. ती कुशीवर पडून पाय झाडत होती, आणि उकळबाईने कामावरून येऊन पर्स ठेवेपर्यंत ते पाय थांबले.

"किती?" खुर्चीतून प्रश्न आला.

मामंजींच्या ऑपरेशनची तारीख मिळायची होती. त्यांचा रक्तदाब वाढायला निमित्त लागत नसे, वर्तमानपत्र पुरायचं. दिवसभर समोर बसून दिसत काही नाही, आणि त्यात हे सांगायचं? तिचे पाय दुखत होते. खरं सांगितलं असतं तर पुढे अर्धा तास बोलावं लागलं असतं.

"सव्वीस," ती म्हणाली.

दोन दिवसांनी आणखी दोन गेल्या. तेच कडं. हा नवीन रोग, असं तिने ठरवलं, आणि टाकी पुन्हा धुतली. मग पुन्हा. आठ-आठ तास कामावर धुवून घरी यायचं, तीन मजले चढायचं आणि बादल्या ओतायला लागायचं. रोगाच्या ती हात धुऊन मागे लागली होती. जितकं धुवावं तितकं मरण वाढत होतं, आणि जितकं मरण वाढत होतं तितकं ती धुवत होती. आणि रोज संध्याकाळी, "किती?" "सव्वीस."

नवऱ्याच्या लक्षात आलं. त्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"अगं, किती उरल्यात?"

"पंधराएक असतील. हळू बोला."

"एवढंच ना? दहा-बारा विकत आण आणि सोड. त्यांना काय कळणार आहे?"

"हे त्या मुलांनी दिलेल्यांचे वंशज आहेत."

"कपाळावर लिहिलंय का त्यांच्या?"

"तुम्ही लिफ्टला दुसऱ्या कंपनीचा दोर घालता का?"

नवरा बाहेर निघून गेला. त्याच्या तत्त्वाचा तिला आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला.

मग पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. तीन आठवड्यांनी, तिच्याच इस्पितळात. मामंजी लहान मुलासारखे हरखले. "पट्टी काढली की पहिली हजेरी मीच घेणार," त्यांनी जाहीर केलं. उकळबाईच्या हातातला चहा बशीत सांडला. तिने तो पुसला, आणि मग, सवयीने, बशी उकळायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने मेलेल्या पाच कोळंब्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून मासेवाल्याकडे नेल्या. त्याने बाटली उजेडात धरली, नाक ओढलं, हलवली.

"ह्यातल्या दोन मेलेल्या नाहीत."

"काय?"

"ह्या कोळंब्याच नाहीत. कवचं आहेत. टाकलेली. बघा, आत काही नाही." त्याने बाटली तिच्या डोळ्यासमोर धरली. खरंच, काचेसारखी पोकळ होती. मिशा, पाय, सगळं जागच्या जागी, फक्त मालकीण गैरहजर. पहिल्या आठवड्यात अशीच एक तिने डोळ्यांत पाणी आणून कुंडीत पुरली होती. एका टाकलेल्या सदऱ्याला मूठमाती दिली होती म्हणायची.

"आणि ह्या तीन?"

"ह्या गेल्यात. हे कडं दिसतंय ना? कात टाकताना अडकल्या. कवच पाठीवर फाटायला पाहिजे आणि बाईसाहेबांनी एका झटक्यात बाहेर यायला पाहिजे. हिचं गोल चिरलं. मग ना आत, ना बाहेर." तो तिच्याकडे न बघता टाक्यांकडे बघत म्हणाला, "पाणी बदलता?"

"बदलते की."

"किती?"

"सगळं."

"कधी?"

"दिवसाआड."

मासेवाल्याने स्टूल ओढलं आणि तो बसला. गिऱ्हाइकासमोर तो एरवी कधी बसत नसे.

"स्पंज?"

"गरम पाण्यात पिळते."

"दगड?"

"उकळते." तिने मान ताठ केली. "वीस मिनिटं."

"ताई," तो म्हणाला, आणि सर्दीमुळे की कशामुळे, त्याचा आवाज बसला, "तुमच्या टाकीत रोग नाहीये. रोग तुम्ही पहिल्याच दिवशी बरा केलात. त्यानंतर जे चाललंय ते तुम्हीच चालवलंय."

त्याने समजावून सांगितलं. पाणी एकदम बदललं की कोळंबीला वाटतं, कात टाकायची वेळ झाली. अंगात तयारी नसताना ती टाकायला जाते. काचेवरचा तो हिरवा थर, ते तिचं जेवण. आणि स्पंजमधला काळा गाळ हा गाळ नाही. त्यात सूक्ष्म जंतू राहतात, तेच टाकीतलं विष खातात. "तुम्ही दिवसाआड त्यांना मारताय आणि पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून खूश होताय."

जंतू चांगले असतात, हे वाक्य ऐकायला तिला तेवीस वर्षं लागली होती, आणि ऐकलं तेही टायरच्या दुकानाशेजारी उभं राहून.

"मग आता काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? औषध? मीठ?"

"काही म्हणजे काही नाही. तीन आठवडे हात घालायचा नाही. पाणी आटलं तर आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, पेलाभर, हळूहळू. खाणं चिमटीभर, एक दिवस आड. मेलेली दिसली तर काढायची. कवच दिसलं तर राहू द्यायचं, त्याच ते खातात."

"सासरे पण हेच करायचे," ती पुटपुटली.

"मग सासऱ्यांना विचारायचं होतंत."

काही न करणं म्हणजे किती कष्टाचं काम आहे, हे ज्यांनी ते केलं नाही त्यांना सांगून समजायचं नाही. पहिल्या आठवड्यात काच धूसर झाली. उकळबाई समोर उभी राहायची आणि तिचे हात आपोआप बाह्या वर करायचे. एकदा तर फडका काचेला टेकला होता. तिने तो मागे घेतला आणि त्या जोरात न्हाणीघर घासलं. न्हाणीघर इतकं चकचकीत झालं की नवरा दारात घसरला. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक गेली. त्या संध्याकाळी "सव्वीस" म्हणताना तिचा आवाज थोडा चिरकला. मामंजींनी मान खिडकीकडे वळवली आणि हूं म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात कोणी गेलं नाही. काचेवर पुन्हा हिरवं चढलं, इतकं की आत किती आहेत ते आता तिलाही धड दिसेना. स्पंज काळा पडला. आयुष्यात प्रथमच तिला काळ्या रंगाचा आनंद झाला.

ऑपरेशनच्या दिवशी ती वर गेली नाही. नवरा गेला. ती तळघरात डोळ्यांच्या हत्यारांचा ट्रे समोर घेऊन बसली. मामंजींच्या डोळ्यात जाणारा चिमटा ह्या आठांपैकी नेमका कुठला, ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिने आठही भिंगाखाली दोनदा बघितले. तिथे धुण्याबद्दल कोणाचा काही आक्षेप नव्हता. तिला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नवऱ्याने आणि तिने मिळून मामंजींना तीन मजले चढवलं. दर मजल्याला मामंजी लिफ्टच्या दाराकडे आणि मग मुलाकडे बघत. डॉक्टरांनी वाकायला आणि चष्मा काढायला मनाई केली होती. ते काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसले, अगदी वसतिगृहात बसायचे तसे. टाकी बरोबर समोर.

उकळबाई मागे उभी राहिली. तिने वाक्य पाठ करून ठेवलं होतं. 'मामंजी, मला तुम्हाला काही सांगायचंय.' पण तिच्या तोंडून निघालं, "चहा टाकू?"

"थांब. हिरवी झाली आहे काच." मामंजी म्हणाले. "छान. मधून तळहाताएवढी पूस फक्त."

तिने कापसाने तळहाताएवढी खिडकी केली. एकेकदा कापूस फिरवताना मनाला इतका आवर घालावा लागला की कपाळाला घाम आला.

मामंजी मोजायला लागले. ओठ हलत होते. एक शेवाळाखालून आली. दोन दगडावर होत्या. एकीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा झुबका होता आणि ती पायांनी त्याला वारा घालत होती. तिच्या जवळच तिळाएवढं काहीतरी हललं.

"अकरा," मामंजी म्हणाले. "आणि बारकी वेगळी."

उकळबाईने डोळे मिटले. "मामंजी, मी रोज सव्वीस सांगत होते..."

"हो. पहिल्या आठवड्यातच कळलं मला."

"कसं?"

"अगं, बादलीत सव्वीस होत्या, ते खरं. पण टाकीत? दगडामागे जातात, शेवाळात शिरतात. आज अठरा दिसतील, उद्या चोवीस. मला सहा वर्षांत लागोपाठ दोन दिवस एक आकडा आला नाही." ते खुर्चीत सावरून बसले. "तीस वर्षं हजेरी घेतली मी. ज्या खोलीची रोज पूर्ण हजेरी येते, त्या खोलीतलं कोणीतरी भिंतीवरून पळालेलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू जिने चढून यायचीस. धापा टाकत. तेवढ्या दमणुकीत आठवण ठेवून खोटं बोलायचीस. म्हटलं, माझ्यासाठी एवढे कष्ट घेतेय, घेऊ दे." मग त्यांनी चष्मा किंचित वर करून तिच्याकडे नीट बघितलं. डॉक्टरांनी मना केलं होतं तरी. खूप वेळ बघितलं. "तुझे केस कधी पिकले गं?"

"पाचेक वर्षं झाली."

"मला काळेच दिसायचे." ते थोडे ओशाळले. "आणि डोळ्यांखाली हे काय?"

"तिथे कोणी धुवत नाही," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मग जवळची दुसरी खुर्ची ओढून बसली. चहा कोणी टाकला नाही. शेवटी नवऱ्याने टाकला, आणि पातेलं न विसळताच टाकला. तिने ते बघितलं. तरी आपला कप पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली. तीन मजले. पर्स दारातच टेकवली.

मामंजींच्या डोळ्यात औषध घातलं होतं, ते दोन्ही डोळे मिटून बसले होते. "किती?"

ती पुसलेल्या खिडकीशी वाकली. एक, दोन, तीन. एक मागे गेली. ती परत आली की दुसरीच, कळेना. सहा. सात.

"सात मोजल्या," ती म्हणाली, "मग कंटाळा आला."

"शाबास," मामंजी डोळे मिटूनच म्हणाले. "ही खरी हजेरी."